एकच काटा सर्वांसाठी

एचआयव्हीबाधित घरातलं मूल म्हटलं की मराठी वाचकाला काही ठरावीक नावं आठवतात. पंढरपूरचं मंगलताई शहा यांचं ‘पालवी’, लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी उभारलेलं ‘सेवालय’, पुण्यातलं विजयाताई लवाटे यांचं ‘मानव्य’, बीडजवळचं बारगजे दांपत्याचं ‘इन्फंट इंडिया’. ही कामं मोठी आहेत आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलंही गेलं आहे. पण त्यातून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलं: असं मूल म्हणजे अनाथ, आजारी आणि संस्थेत राहणारं. प्रत्यक्षात अशी बहुतेक मुलं आपल्याच घरात असतात. दहा बाय दहाच्या खोलीत, आईच्या कुशीत, आजीच्या आणि काकूच्या नजरेखाली ती वाढतात. आईबापांचे उपचार चालू असतात, पण मुलाला स्वतःला बऱ्याचदा लागण झालेलीच नसते. अशा मुलांच्या ताटात काय पडतं, त्यांना कोण भरवतं, त्यांचं वजन कोण करतं आणि ते घटलं तर कुणाच्या लक्षात येतं, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

ती उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत काम करणाऱ्यांसाठी लिहिली आहे: अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, परिचारिका, तपासणी केंद्रांतले समुपदेशक आणि घरोघरी जाणारे कार्यकर्ते. वाचताना ही शहरं डोळ्यांपुढे ठेवावी लागतात, कारण इथे मुलाच्या वाढीवर शहराच्या घडणीचा हात आहे.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानकं एकामागून एक येतात. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत उतरले आणि १९४९ मध्ये छावणीला शहराचं नाव मिळालं. आजही इथला पत्ता कॅम्प, सेक्शन आणि बरॅक नंबर असा सांगितला जातो. अंबरनाथला १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, तसाच आयुधनिर्माणी आणि एमआयडीसीभोवती वाढलेला कामगारांचा संसारही आहे. बदलापूर तर बघता बघता फुगलं. २००१ च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आसपास असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्याच जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर आणि अंबरनाथ अडीच लाखांवर होतं. मुंबईत घर न परवडणारा माणूस या रेल्वेमार्गाने पुढे पुढे सरकत इथवर आला. त्यात मराठवाडा-खानदेशातले लोक आहेत आणि उत्तर प्रदेश-बिहारमधलेही. त्यामुळे एकाच चाळीत नाचणीची भाकरी, सिंधी कढी-चावल आणि सत्तू हे तिन्ही शिजतात. त्या चाळीतल्या बाळाला काय भरवावं याचं उत्तरही एक असू शकत नाही.

मुलाच्या पोटाशी या शहरांचा संबंध येतो तो कामाच्या वेळेतून. उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईचा धंदा आहे आणि त्याच्या मागे घरी बसून होणारं धागा कटिंगचं काम. पापड लाटणं आहे, गाळ्यांतली पॅकिंगची कामं आहेत, धुणीभांडी आहेत आणि पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या दिशेने जाणंही आहे. यातलं बहुतेक काम नगावर किंवा रोजावर. सकाळी सहाला बाहेर पडलेली बाई संध्याकाळी परतते, तेव्हा दीड वर्षाच्या मुलाने दिवसभरात काय खाल्लं हे सांगायला घरात आठ-नऊ वर्षांची ताई असते. तिने चहात पाव बुडवून दिलेला असतो, पाच रुपयांचं पाकीट फोडलेलं असतं. मूल उपाशी नव्हतं. पण ते वाढलंही नाही.

हे चित्र कुठल्याही गरीब घराचं झालं. एचआयव्ही आला की त्यात तीन गोष्टी वाढतात. एक, कमाई घटते: नवरा आजारी किंवा गेलेला, औषधाच्या तारखेला रोज बुडालेला, वर क्षयाची भीती. दोन, आईची स्वतःची ताकद कमी पडते. आणि तीन, सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट: घरात एक गुपित येऊन बसतं. पुढची सगळी पानं या तिसऱ्या गोष्टीभोवती फिरतात.

आधी थोडा इतिहास, कारण प्रश्न बदललेला आहे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला १९८६ मध्ये. त्यानंतरची बरीच वर्षं बाधित बाळाच्या पोषणाची चर्चा म्हणजे शेवटचे दिवस सुसह्य करण्याची चर्चा होती. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने निवडक रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारे उपचार, सुरू केली, मुंबईचं जे. जे. त्यांत होतं. नोव्हेंबर २००६ मध्ये मुलांसाठीची औषधं कार्यक्रमात आली. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार देण्याचं धोरण लागू झालं आणि २०१७ मध्ये निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार हे सूत्र आलं. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शेकडा १५ ते ४५ असतो. आईचे उपचार, बाळाला जन्मापासून ठरावीक आठवडे प्रतिबंधक औषध आणि योग्य स्तनपान यांमुळे तो ५ च्या खाली आणता येतो.

महाराष्ट्रात आज एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या राष्ट्रीय अंदाजांनुसार ३.९ लाखांच्या आसपास आहे, देशात सर्वांत जास्त. त्यांच्या घरी जन्मणारं बाळ आता बहुधा लागणीपासून सुटलेलं असतं. मग प्रश्न संपला का? नाही. आईच्या पोटात विषाणूच्या आणि औषधांच्या सान्निध्यात राहिलेली, पण लागण न झालेली मुलंही सरासरीने थोडी कमी वाढतात, जास्त आजारी पडतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. जन्मवजन कमी असणं, आईचं आजारपण, घरातला क्षय आणि गरिबी यांची त्यात सरमिसळ असते. पूर्वी विचारायचे, ‘हे मूल जगेल का?’ आता विचारायला हवं, ‘हे मूल वाढतंय का?’ या दुसऱ्या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत अजून नीट घर मिळालेलं नाही. एआरटी केंद्राचं लक्ष विषाणूवर, अंगणवाडीचं लक्ष वजनावर. दोघांची नोंदवही वेगळी आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण पहिल्या सहा महिन्यांचं आहे आणि ते सर्वांत काळजीपूर्वक वाचावं असं मी सुचवेन. नव्वदच्या दशकात सल्ला सरळ वाटत होता: आईच्या दुधातून विषाणू जातो, तर डब्याचं दूध द्या. मग १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून ॲना कुत्सूदिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांपेक्षा आईचं आणि वरचं असं दोन्ही मिळणाऱ्या बाळांत लागण जास्त होती. वरचं दूध, पाणी, घुटी यांनी आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पुण्यात ससून रुग्णालयातल्या मातांच्या बाळांवर डॉ. मृदुला फडके आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कितीतरी अधिक आली होती. २००६ च्या सुरुवातीला बोट्स्वानात पूर आला, पाणी दूषित झालं आणि अतिसाराच्या साथीत दगावलेल्या बाळांत डब्याच्या दुधावरच्या बाळांचं प्रमाण फार मोठं होतं. तिथल्या सरकारने ते दूध सद्भावनेने मोफत पुरवलं होतं.

ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळी येतं, पिंपात साठवलं जातं आणि पावसाळ्यात वालधुनी नदीचं पाणी घरात शिरतं, तिथे बाटली हा सुरक्षित पर्याय नव्हे, हे वेगळं सांगायला नको. भारताची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: आईने नियमित औषध घ्यावं आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त आपलं दूध द्यावं. आई नसेल किंवा तिला पाजणं शक्यच नसेल, तर पूर्णपणे वरचं दूध, वाटी-चमच्याने. दोन्हींची सरमिसळ टाळायची. मात्र आई उपचारांवर असताना कुणी चमचाभर पाणी पाजलं, म्हणून घाबरून स्तनपान तोडायचं नाही, हेही जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कागदावर हे सोपं आहे. घरात काय होतं? पाचवीला सासूबाई मधाचं बोट चाटवायला येतात. बाळ रडलं की ‘तुझं दूध पुरत नाही’ म्हणून शेजारीण गाईचं दूध पाजायला सांगते. उन्हाळ्यात पाणी, सर्दीत बाळगुटी. सुनेला यातली प्रत्येक गोष्ट थांबवायची आहे, पण ‘का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर तिला देता येत नाही. इथे गुपित बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचतं. आणि इथेच तिला मदत करण्याचा मार्गही सापडतो. सहा महिने फक्त आईचं दूध हा नियम एचआयव्हीसाठी नाही, प्रत्येक बाळासाठी आहे. चाळीतल्या सगळ्याच सुनांना आशाताईंनी तो ठणकावून सांगितलेला असेल, सासवांच्या बैठकीत त्यावर बोलणं झालेलं असेल, तर या एका सुनेला काही समजावत बसावं लागत नाही. ‘ताईंनी सांगितलंय’ एवढं कारण पुरतं.

सहा महिन्यांनंतर, उष्टावणापासून, दुसरी लढाई सुरू होते आणि तिच्यात शत्रू आहे पातळ अन्न. सात-आठ महिन्यांच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण वाटीभरच घेतं. ती वाटी तांदळाच्या पाणीदार पेजेने किंवा डाळीच्या वरच्या पाण्याने भरली तर पोट भरतं, ताकद येत नाही. या वयात आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी अन्नातून हव्या असतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षापासून दोन वर्षांपर्यंत ५५०. लागण झालेल्या पण लक्षणं नसलेल्या मुलाला एकूण ऊर्जा १० टक्के जास्त लागते, आजारी असताना २० ते ३० टक्के, आणि वजन घटत असेल तर ५० ते १०० टक्क्यांपर्यंत. ‘दहा टक्के’ ऐकायला अवघड वाटतं. आठ महिन्यांच्या बाळासाठी ते साधारण ६० किलोकॅलरी होतात, म्हणजे चहाचा एक चमचा तेल किंवा तूप आणि दोन घास घट्ट वरण-भात. या हिशोबाला महागडी पावडर लागत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट मूगडाळ-तांदळाची खिचडी, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं अंडं, केळं, निवडून कुटलेली सुकट, सिंधी घरात साई भाजी मऊ करून भाताबरोबर: पुस्तिकेतल्या पाककृती अशाच आहेत, आणि त्या एका गॅसवर, कामावर जाण्याआधी होऊ शकतात का हे बघून निवडलेल्या आहेत.

पण पदार्थांच्या यादीने पोट भरत नाही. लहान मुलाला दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं आणि चिऊकाऊचे घास भरवायला वेळ असलेलं माणूस लागतं. औषधाने तोंडाची चव गेलेली, तोंड आलेलं मूल दोन घासांनंतर मान फिरवतं. तेव्हा थांबून, बोलून, पुन्हा भरवणारं कुणी नसेल तर वाटी तशीच राहते. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पूरक आहाराचा निकष २०२३ च्या सुधारणेपर्यंत दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा होता, तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. पाकिटं घरी पोहोचतात, पण ती घरातल्या सगळ्यांत वाटली जातात. ज्या घरात बापाची कमाई थांबली आहे तिथे आईने दुसरं काय करावं? म्हणून पोषणाच्या या पुस्तिकेत रेशनवर एक प्रकरण आहे. एचआयव्हीबाधित पात्र कुटुंबांना अंत्योदय योजनेत, महिना ३५ किलो धान्यासाठी, प्राधान्य देण्याचा निर्णय केंद्र सरकारने २००९ मध्ये घेतला. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि बालसंगोपन योजनाही अशा घरांना लागू होतात. मुलाच्या वाटीत जास्त पडायचं असेल तर आधी घराच्या डब्यात धान्य हवं.

तिसरा भाग वजनकाट्याचा. २००६ च्या जागतिक मानकांनुसार एक वर्षाच्या मुलाचं मध्यमान वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषित, ज्याला सेविका ‘सॅम’ म्हणतात, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. हे सगळ्यांना पाठ आहे. बाधित मुलाच्या बाबतीत मात्र त्याच काट्यावर तीन गोष्टी एकदम मोजल्या जातात. पहिली, अन्न पुरतंय का. दुसरी, आजार बळावतोय का: वाढ खुंटणं हे अनेकदा लागणीचं, क्षयाचं किंवा औषध लागू न पडण्याचं पहिलं दिसणारं चिन्ह असतं. आणि तिसरी, औषधाची मात्रा, जी मुलांच्या वजनाच्या गटांवर ठरते: ३ ते ५.९ किलो, ६ ते ९.९, १० ते १३.९ असे हे गट आहेत. मूल पुढच्या गटात गेलं आणि कुणी वजन केलं नाही, तर जुनी, कमी पडणारी मात्रा चालू राहते आणि विषाणूला डोकं वर काढायला संधी मिळते.

आता गुपिताकडे येतो. सेविकेला वाटतं, कुठलं घर बाधित आहे हे मला कळलं तर मी जास्त लक्ष देईन. भावना चांगली आहे, पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई करतो, आणि तो योग्यच आहे. एका बरॅकमध्ये कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सेक्शनभर होते. मग घरमालक खोली रिकामी करायला सांगतो आणि अंगणवाडीत त्या मुलाशेजारी कुणी मूल बसवत नाही. याच भीतीने आया जवळचं केंद्र सोडून दोन स्थानकं पलीकडे औषधाला जातात आणि वजनाच्या दिवशी मुलाला घरीच ठेवतात.

शिवाय विचार करा, कळून सेविका वेगळं काय करणार? दोन महिने वजन वाढलं नाही तर डॉक्टरकडे पाठवणं प्रत्येक मुलासाठी गरजेचं आहे. जुलाब झाले की ओआरएस आणि १४ दिवस झिंक, दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व, ठरलेल्या दिवशी जंताची गोळी, दर महिन्याला वजन: सगळं प्रत्येक मुलासाठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकलेली आढळली. इतक्या मोठ्या संख्येत बाधित घरातलं मूल शोधून काढायची गरजच नाही. नियम सगळ्यांसाठी आणि खरोखर पाळला जाणारा असेल, तर ते मूल न ओळखता सापडतं. उरतं ते थोडंसं: सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन करायची चाचणी, प्रतिबंधक औषध, मात्रा. ते केंद्राचं काम आहे आणि ते आईच्या विश्वासावर चालतं. केंद्रात पुढचं पाऊल टाकायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे ती ठरवेल.

या पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं आहे: गुपित फोडून मूल वाचवायचं नाही, गुपित राहूनही मूल वाढेल अशी व्यवस्था करायची. त्यासाठी मागण्याही साध्या आहेत. प्रत्येक अंगणवाडीत महिन्यातला एक वजनाचा दिवस कामावरून परतणाऱ्या आयांच्या वेळेला, संध्याकाळी असावा. कुपोषित मुलांसाठीची नागरी बाल विकास केंद्रं कागदावर न राहता चालावीत. योजनांचे अर्ज खिडकीवर सगळ्यांसमोर ‘रोग कोणता?’ असं विचारून न घेता बंद पाकिटात घेतले जावेत. आणि एआरटी केंद्राने मुलाचं वजन, उंची व दंडघेर ज्या माता-बाल संरक्षण कार्डावर सगळ्याच मुलांच्या नोंदी असतात त्याच कार्डावर, केंद्राचा शिक्का न मारता, फक्त तारखेसह लिहावा. अंगणवाडीच्या नोंदीही त्याच तक्त्यावर. म्हणजे दोन काट्यांवरचं एकच मूल एका रेषेत दिसेल, आणि ती रेषा कुठे सपाट झाली हे सेविकेलाही कळेल, डॉक्टरलाही. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. तिन्ही शहरांच्या पालिका, बालविकास प्रकल्प आणि रुग्णालयं यांनी एका टेबलाशी बसून ठरवलं तर पुढच्या वजनाच्या दिवसापासून सुरुवात होऊ शकते; ही पुस्तिका त्या बैठकीत हाताशी असावी, एवढ्यासाठीच ती लिहिली आहे.